दोनशे बाराची उजवी

लिफ्टच्या शाफ्टमध्ये ओळंबा सोडला की तो लगेच थांबत नाही. सात मजले तार आणि तिच्या टोकाला दोन किलोचं वजन. ते वजन तेलाच्या बादलीत बुडवायचं आणि शांत होईपर्यंत हाताची घडी घालून उभं राहायचं. घाईचा माणूस डुलत्या तारेवरच माप घेतो. मग ती लिफ्ट जन्मभर कुरकुरते.

ओळंबा घाईचा नव्हता. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नव्हतं. उंच, किडकिडीत, मान ताठ आणि बोलायच्या आधी थोडा वेळ गप्प. म्हणून पहिल्याच वर्षी मुकादमाने त्याला ओळंबा म्हटलं आणि ते नाव गंजासारखं चिकटलं. एकतीस वर्षं त्याने लिफ्टा बसवल्या, दुरुस्त केल्या. मग उजवा खांदा गेला. तो पडला नाही, आपटला नाही. खांदा नुसता झिजला. हात खांद्याच्या वर जाईना. ज्याचा हात वर जात नाही त्याचं लिफ्टवाल्यांत काय काम?

सर्व्हिसच्या साहेबांनी त्याला ऑफिसात बसवलं. तीन महिन्यांसाठी. तीन महिने भरले की साहेब पुढच्या तीन महिन्यांची सही करायचे. निवृत्तीला चौदा महिने होते. एखाद्या वेळी सही झाली नाही, तर तेवढे महिने आधीच घरी.

पहिला आठवडा तो नुसता बसला. बसून बसून पाठ दुखायला लागली; उभ्या जन्मात ती कामाने दुखली नव्हती. आठव्या दिवशी तो पलीकडच्या टेबलापाशी गेला.

"पोरी, काहीतरी काम दे. हात वर जात नाही, पुढे जातो."

त्या टेबलावर प्रोग्रामरबाई बसायची. तिशीची, केसांत पेन खोचलेलं, चहा कायम गार झालेला. कंपनीची वेबसाइट ती एकटी नव्याने लिहीत होती. जुनी वेबसाइट बारा वर्षांची होती आणि तिच्यात हात घालायला कुणी धजत नव्हतं.

वेबसाइटचं मुख्य काम एकच. कंपनीच्या प्रत्येक लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, स्टीलची एक पाटी असते. पाटीवर वेबसाइटचा पत्ता ठोकलेला असतो: कंपनीचं नाव, मग तिरकी रेघ, लिफ्ट, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी लिफ्टचा क्रमांक. आत अडकलेल्या माणसाने तो पत्ता फोनवर टाइप करायचा. त्या लिफ्टच्या तक्रारीचं पान उघडतं. बटण दाबलं की मेकॅनिकच्या फोनवर चिठ्ठी जाते, सोबत अडकलेल्याचा नंबर.

"काका, हे पत्ते तपासायचे," ती म्हणाली. "पत्ता आला की तो कुठल्या कामाकडे पाठवायचा हे ठरवणारे नियम असतात. त्यांना राउट म्हणतात. आपण एकेक पत्ता द्यायचा आणि तो योग्य जागी जातोय का एवढंच बघायचं. पान उघडायचं नाही, चिठ्ठी पाठवायची नाही, काही नाही. फक्त वळण बरोबर घेतलं का. त्याला युनिट टेस्ट म्हणतात."

ओळंब्याने टेबलावर बोटाने एक चौकोन काढला.

"म्हणजे पॅनेल टेबलावर ठेवायचं. मोटार जोडायची नाही. चौथ्या मजल्याचं बटण दाबायचं आणि चौथ्याचाच दिवा लागतो का बघायचं."

ती खुर्चीवर मागे रेलली. "कॉलेजात आम्हाला हे समजवायला सरांना दोन तास लागले होते."

"सरांनी पॅनेल जोडलं नसेल कधी."

तो दोन बोटांनी टाइप करायला शिकला. पहिल्या दिवशी दोन टेस्ट. दहाव्या दिवशी अठरा. अठरा कमी वाटतील. पण प्रत्येक टेस्ट त्याने आधी चुकवून पाहिली होती. प्रोग्राममधला नियम मुद्दाम बिघडवायचा, टेस्ट चालवायची, ती लाल होते का बघायचं. मग नियम नीट करायचा आणि हिरवी होते का बघायचं.

"काका, हिरवी आहे ना? मग पुढे चला की," बाई म्हणायची.

"दिवा लागत नाही म्हणजे करंट नाही, असं म्हणायचं आणि हात घालायचा. आणि दिवाच जळालेला असला तर?" तो म्हणायचा. "आमचा एक भाऊबंद असाच गेला. तपासायच्या दिव्याला आधी तपासायचं. कधी लाल न झालेल्या हिरव्यावर माझा विश्वास नाही."

त्यानंतर तिने त्याला घाई केली नाही. आपल्या टेस्टसुद्धा आधी लाल करून बघू लागली. त्यात तिच्या तीन टेस्ट अशा निघाल्या की त्या कशानेच लाल होईनात. तिने त्या मुकाट्याने पुसल्या. ओळंब्याने पाहिलं, पण तो काही बोलला नाही. चांगल्या कारागिराला चूक दाखवावी लागत नाही. थोडी जागा द्यावी लागते.

दुसऱ्या महिन्यात त्याला एक चूक सापडली. नवी लिफ्ट हवी असणाऱ्यांसाठी एक पान होतं. त्याचा पत्ता: लिफ्ट, तिरकी रेघ, नवीन. ओळंब्याने त्याची टेस्ट लिहिली आणि ती लाल झाली. पत्ता भलतीकडेच जात होता. 'नवीन' नावाची लिफ्ट बंद पडली आहे असं समजून प्रोग्राम तिच्या तक्रारीचं पान काढत होता.

बाईने नियम पाहिले आणि कपाळावर हात मारला. जुन्या वेबसाइटवरून तिने एक सैल नियम जसाच्या तसा उचलला होता: लिफ्टनंतर जे काही येईल तो क्रमांक समजावा. तो नियम वर होता आणि 'नवीन'चा खाली, आणि प्रोग्राम वरून पहिला जुळेल तोच नियम धरतो.

"पुढे बसलेला दांडगा सगळ्यांचं वाढप आपल्याच ताटात घेतोय," ओळंबा म्हणाला.

"त्याला खाली बसवते. आणि त्याचं तोंडही बांधते. आकडे असतील तरच क्रमांक. आकड्यांशिवाय एक जरी खूण आली तरी उत्तर एकच, 'पान सापडलं नाही'."

"असंच हवं. कडक," तो म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. सैल बोल्ट त्याला कुठेच आवडत नसे.

तिसरा महिना भरला तेव्हा साहेबांनी सही करताना विचारलं, "जमतंय?" तो म्हणाला, "जमतंय." दोघांनाही एवढं पुरलं.

घरी बायको शिलाईचं काम करायची. तिने त्याला एकदा विचारलं, "दिवसभर करता तरी काय तिथे?"

"पत्ते तपासतो."

"पोस्टमन झालात म्हणा."

"पोस्टमन घरी जाऊन बघतो. मी वळणावरूनच परततो."

"तरी म्हटलं चपला कशा झिजत नाहीत," ती म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं. पण रात्री जेवताना तोच आपणहून बोलत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. एकतीस वर्षांत जेवताना तो फक्त मीठ मागायचा.

जुनी वेबसाइट सोमवारी बंद होणार होती. आधीच्या गुरुवारी दुपारी बाईने त्याला हाक मारली. तिने एक मोठी टेस्ट लिहिली होती. कारखान्याच्या रजिस्टरमधले सगळे क्रमांक, एकूण अकराशे चाळीस. प्रत्येकाचा पत्ता तयार करायचा आणि योग्य जागी जातो का बघायचं. तिने बटण दाबलं. हिरव्या ओळी पडद्यावरून धो धो वाहिल्या. सगळ्या हिरव्या. चार सेकंद लागले.

"आता तुमची सही, काका. साहेबांनी सांगितलंय, पत्त्यांवर तुमची सही हवी."

ओळंबा पडद्याकडे बघत उभा राहिला.

"ही यादी कुठून आली?"

"रजिस्टरमधून."

"आणि प्रोग्रामला क्रमांक कुठून मिळाले?"

"त्याच रजिस्टरमधून."

"म्हणजे यादीने यादीलाच विचारलं, मी बरोबर आहे का."

बाई हसली. "मग कुणाला विचारायचं?"

"पाटीला. माणूस रजिस्टर बघून टाइप करत नाही, पाटी बघून करतो."

हे बोलला आणि तो पडद्यापासून मागे सरला. पाट्यांवर काय आहे ते त्याला आठवलं. कारण काही पाट्यांवर ते त्यानेच ठोकलं होतं.

"उद्या करतो सही," एवढं म्हणून तो बाहेर गेला आणि जिन्यात जाऊन बसला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पाट्या नुकत्याच लागल्या होत्या. एका ऑर्डरला एक क्रमांक, असा कारखान्याचा हिशेब. ज्या इमारतीत शेजारी शेजारी दोन लिफ्टा, तिथे ऑर्डर एकच, म्हणून दोन्ही पाट्यांवर क्रमांकही एकच. दोनशे बारा तशीच होती. एका सकाळी चिठ्ठी आली, दोनशे बारा अडकली. ओळंबा धावत वरच्या मशीनरूममध्ये गेला. दोन मेन स्विच. अडकलेली कुठली ते न बघता त्याने जवळचा खाली ओढला. तो चालू लिफ्टचा निघाला. आता दोन्ही बंद. चालू होती तिच्यात एक बाई होती, कडेवर तान्हं मूल. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. झालं काहीच नाही. अर्ध्या तासात सगळे बाहेर आले. पण त्या मुलाचं रडणं शाफ्टमधून वर येत होतं, आणि शाफ्टमध्ये आवाज घुमतो.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून आकडे ठोकायचे पोलादी पंच काढले, वजनांवर खुणा करायचे. एका पाटीवर क्रमांकापुढे आडवी रेघ आणि एक ठोकला. दुसरीवर आडवी रेघ आणि दोन. रेघेचा पंच नव्हता, म्हणून एकाचाच पंच आडवा धरून मारला. डावी ती एक, उजवी ती दोन. चिठ्ठी आली की अडकलेल्याला फोन करायचा आणि विचारायचं, "पाटीवरचा शेवटचा आकडा वाचा." मग स्विच चुकत नाही. पुढे त्याने आणखी आठ इमारतींत तेच केलं. त्याचं बघून बाकीच्या फिटरनीही केलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. हाताचं काम हातातून हाताकडे जातं.

सांगणार तरी कसं? कारखान्याच्या भिंतीवर फलक होता: पाटीवर हत्यार चालवणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. तो नियम वेगळ्याच कारणाने आला होता. एकाने एका पाटीवर मुकादमाबद्दल दोन शब्द कोरले होते. शब्द खरे होते, पण पाटी गिऱ्हाइकाची होती.

जुनी वेबसाइट सैल होती. 'दोनशे बारा, आडवी रेघ, दोन' असं टाइप केलं तरी ती सुरुवातीचे आकडे उचलायची आणि उरलेलं सोडून द्यायची. पान उघडायचं. नवी वेबसाइट कडक होती. ती म्हणणार, पान सापडलं नाही. आणि तिला कडक करायला कारण झालेली चूक त्यानेच शोधून दिली होती. वर "असंच हवं" असंही तोच म्हणाला होता.

घरी आल्यावर त्याने चपला काढल्या आणि तसाच बसून राहिला. बायको काजं करत होती. तिने दोन काजं पूर्ण केली, मग विचारलं, "खांदा?"

"नाही." मग त्याने सगळं सांगितलं.

"सांगितलंत तर काय होईल?"

"सही करणार नाहीत. फलकावर लिहिलेलंच आहे. निवृत्तीआधीच घरी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"कुणीतरी आत अडकलेला असेल. पत्ता टाइप करेल. फोन सांगेल, पान सापडलं नाही."

तिने दाताने दोरा तोडला. "मग तिथे बसून तुम्हाला घास गोड लागणारे का? त्यापेक्षा घरी या. मला काजांना दोन हात मिळतील. हात वर न्यावा लागत नाही या कामात."

"तुझ्या हाताखाली?"

"का? मी सही दर तीन महिन्यांनी नाही मागणार."

तो हसला. पण त्याला ती नोकरी सोडायची नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून तिने त्या संध्याकाळी आणखी थट्टा केली नाही.

शुक्रवारी सकाळी तो आधी बाईकडे गेला. सांगितलं काही नाही. एक टेस्ट लिहिली: लिफ्ट, तिरकी रेघ, दोनशे बारा, आडवी रेघ, दोन. चालवली. लाल.

"हा पत्ता कुठून आणला, काका?"

"पाटीवरून."

"पाटीवर असं कोण लिहील?"

"मी," तो म्हणाला आणि साहेबांच्या खोलीकडे वळला. बाई त्याच्या मागून गेली.

साहेब पेन्सिलीला टोक करत होते. टोक करताना ते बोलत नसत, ऐकत असत. ओळंब्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. मूल, स्विच, पंच, आडवा धरलेला एक. काही गाळलं नाही आणि काही घातलं नाही.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "किती पाट्या?"

"माझ्या नऊ इमारती. इतरांच्या माहीत नाहीत."

"इतर कोण?"

ओळंबा गप्प. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कळलं की हा ओळंबा आता हलणार नाही.

"बरं. फलक वाचला होता?"

"फलक मीच भिंतीला ठोकला होता."

बाईने तोंडावर हात धरला. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि थांबलं.

"सर, रोज किती जण असा पत्ता टाइप करतात ते जुन्या वेबसाइटवर दिसेल," बाई म्हणाली.

"जे अडकले ते दिसतील. जे अजून अडकायचे आहेत ते नाही दिसणार," ओळंबा म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "सोमवारचा बुधवार करतो. त्यापुढे एक दिवस नाही. जोड-लिफ्टांच्या सगळ्या इमारती स्वतः बघायच्या. ऐकीव नको. डोळ्यांनी वाचायचं आणि पाटीवर आहे तसं उतरवायचं. तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो."

गोदामातल्या जुन्या याद्यांत जिथे एका क्रमांकावर दोन मोटारी गेल्या होत्या, त्या इमारती ओळंब्याने काढल्या. सव्वीस निघाल्या. सोबत भोंगा आला. भोंगा म्हणजे त्याच्याच हाताखाली तयार झालेला मेकॅनिक; आता स्वतः चाळिशीचा, पोट सुटलेला. तळमजल्यावरून हाक मारली तर मशीनरूममध्ये ऐकू जाईल असा आवाज, म्हणून हे नाव. शुक्रवार, शनिवार, रविवार भोंग्याच्या स्कूटरवर फिरले. दवाखाना, दोन बँका, एक वसतिगृह, बाकी राहत्या इमारती. ओळंबा प्रत्येक लिफ्टमध्ये स्वतः शिरायचा, चष्मा लावायचा, पाटीवरून बोट फिरवायचा. रंगाखाली बुजलेला आकडा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. मग वहीत लिहायचं.

"काका, फोटो काढू का? पटकन होईल," भोंगा म्हणाला.

"काढ. मी तोवर वाचतो."

सतरा इमारतींत खुणा सापडल्या. चौतीस पाट्या. ओळंब्याने आपल्या नऊ मोजल्या. उरलेल्या आठ कुणाच्या ते ठोक्यावरून ओळखलं. एकाचा हात जड होता, त्याचा आकडा खोल. एकाची रेघ दर वेळी वर चढायची. नावं त्याने वहीत लिहिली नाहीत.

दोनशे बारा त्याने शेवटी ठेवली होती. रविवारी दुपारी तिथे गेले. डाव्या लिफ्टमध्ये शिरून त्याने पाटीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. आडवी रेघ, दोन. तो बाहेर आला. उजव्या लिफ्टमध्ये शिरला. आडवी रेघ, एक.

"उलटं आहे," तो म्हणाला.

भोंगा जिन्याच्या कठड्याला टेकून नखं बघत होता. "हो. इथे उलटंच आहे."

ओळंब्याला ते दिसलं, जसं आताच घडतंय. पहिली इमारत. पहिली पाटी. तो लिफ्टच्या आत उभा होता, तोंड दाराकडे. आतून बाहेर बघणाऱ्याची डावी ती बाहेरून येणाऱ्याची उजवी. पुढच्या सगळ्या इमारतींत त्याने आधी बाहेर उभं राहून बोट दाखवून मोजलं होतं, मग आत जाऊन ठोकलं होतं. इथे मात्र नाही. इथे मुलाचं रडणं कानात होतं आणि त्याने डुलत्या तारेवर माप घेतलं होतं.

"बारा वर्षं? तुम्हा पोरांना माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. दोनशे बारा आली की आकडा उलटा धरायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही. पाटी ठोकल्यावर तुम्ही इथे पुन्हा आलाच नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्हाला?" भोंगा म्हणाला. त्याचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत गेला. "ओळंबा वाकडा आहे, हे ओळंब्याला सांगणार कोण?"

ओळंबा काही क्षण ताठ उभा राहिला. मग जिन्याच्या पायरीवर बसून हसायला लागला. खांदा दुखेपर्यंत हसला. लिफ्टमधून उतरलेल्या एका बाईने दोघांकडे पाहिलं आणि ती जरा लांबून गेली.

सोमवारी त्याने टेस्ट लिहायला घेतल्या. चौतीस पाट्या, चौतीस टेस्ट. यादी देऊन एका दमात करता आल्या असत्या. बाईने तसं सुचवलंही. त्याने एकेक वहीतून वाचून लिहिली. प्रत्येकीत पत्ता, क्रमांक आणि बाजू. दोनशे बाराच्या दोन टेस्टमध्ये बाजू उलटी लिहिली, आणि वर एक ओळ घातली: 'पाटी ठोकणाऱ्याची चूक. पाटी बदलू नये, लोकांना सवय आहे.' संध्याकाळी सगळ्या चालवल्या. चौतीस लाल.

"छान," तो म्हणाला.

"लाल आहेत, काका."

"सगळे दिवे शाबूत आहेत. आता तू जोड."

मंगळवारी बाईने नियम बदलला. क्रमांक, आणि त्यापुढे हवं तर आडवी रेघ आणि एक किंवा दोन. दुसरं काही आलं की पान सापडलं नाही. ओळंब्याने मान हलवली.

"घाबरलेल्या माणसाने दोनच्या जागी तीन दाबला तर?"

"तशी लिफ्टच नाही. सापडलं नाही, हेच बरोबर उत्तर."

"उत्तर बरोबर, पण माणूस आतच. त्याला नुसत्या दोनशे बाराच्या पानावर ने. भोंगा फोन करून विचारेल."

"तुम्हीच म्हणाला होतात, कडक हवं."

"नवी लिफ्ट घेणारा सोफ्यावर बसून पत्ता टाइप करतो. त्याच्याशी कडक वाग. हा अंधारात उभा आहे."

बाईने केसांतलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. मग त्याच्याकडे कीबोर्ड सरकवला. "आधी टेस्ट लिहा. लाल करून दाखवा."

त्याने लिहिली. लाल झाली. तिने नियम केला. हिरवी झाली. नवीनच्या पत्त्याची जुनी टेस्ट त्याने पुन्हा चालवली, दांडगा परत पुढे येऊन बसला नाही ना म्हणून. हिरवी. अकराशे चाळीस हिरव्या, वर छत्तीस आणखी. ओळंब्याने सही केली. अक्षर जरा मोठं आलं.

बुधवारी जुनी वेबसाइट बंद झाली. कुणाला कळलंही नाही. चांगल्या कामाची खूण तीच.

त्याच दुपारी साहेबांनी त्याला बोलावलं आणि दोन कागद पुढे केले. एका कागदावर ताकीद होती: पाटीवर विनापरवाना हत्यार चालवल्याबद्दल, नऊ इमारती, नोंद कायम राहील. दुसऱ्यावर सही होती. तीन महिन्यांची नव्हती. निवृत्तीच्या दिवसापर्यंतची.

"ताकीद का, ते कळलं ना?" साहेबांनी विचारलं.

"कळलं. सतरा जागी खुणा झाल्या आणि रजिस्टरला एकही माहीत नव्हती. त्या वेळीच येऊन सांगायला हवं होतं."

"मी तेव्हा ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक," साहेब म्हणाले आणि दुसरी पेन्सिल उचलली. म्हणजे बोलणं संपलं.

संध्याकाळी बायकोने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. "यातला खोटा कुठला?"

"दोन्ही खरे."

"म्हणजे काजांना हात काही मिळत नाही," ती म्हणाली. कागद तिने घडी करून मशीनच्या खणात ठेवले. सही वर, ताकीद खाली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ओळंबा नव्या टेस्टचा पत्ता दोन बोटांनी टाइप करत होता. टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे भोंगा, पण फोनशिवायही ऐकू आला असता.

"काका, दोनशे बारा अडकली होती. सोडवली. दोघं जण होते, चहा प्यायला गेले."

"कुठली?"

"चिठ्ठीवर आलं होतं ना! 'दोनशे बारा, उजवी' असं सरळ लिहून आलं. पहिल्यांदाच. मी तरी सवयीने फोन करून विचारलंच, शेवटचा आकडा वाचा. तो माणूस म्हणाला, एक. मी म्हटलं, बरोबर, एक म्हणजे उजवी. तो म्हणाला, अहो, एक म्हणजे उजवी कशी? आता काय सांगू त्याला?"

ओळंबा थोडा वेळ गप्प राहिला. तार थांबली.

"सांग, ठोकणारा आत उभा होता," तो म्हणाला, आणि फोन ठेवून टेस्ट लाल होते का ते बघायला लागला.